अजून अवकाश आहे

जुळ्यांमध्ये मोठं कोण, हा प्रश्न इतर घरांत एकदा सुटला की सुटतो. या घरातही तो सुटला होता. धाकट्याने त्याला पुन्हा गाठ मारली, आणि ती गाठ चाळीस वर्षं कोणाला सोडू दिली नाही.

चिमी आधी जन्मली, तो मागाहून. मधे किती वेळ गेला यावर आईवडिलांचं कधी एकमत झालं नाही. आईच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सचा चहा पिऊन झाला होता. वडील म्हणत, छे, तिने नुसता कप उचलला होता. पण चिमी थोरली, यावर दोघांचंही दुमत नव्हतं. त्यामुळे बोलायला लागल्यापासून तो तिला ताई म्हणायचा. उंचीने तिच्या डोक्यावरून गेला तरी ताई म्हणायचा. शाळेत एका बाकावर बसून तिचं गणित उतरवून घेतानाही "ताई, हात काढ ना वहीवरून," अशीच विनवणी असायची. आणि ती त्याला धाकट्या म्हणायची, अगदी थाटात, जणू दोघांत दहा वर्षांचं अंतर आहे.

दोघांनाही खरी नावं आहेत, पण ती फक्त पगाराच्या कागदांवर वापरली जातात. बहिणीला पुढे कार्यालयात सगळे मॅडम म्हणायला लागले आणि भावाला बांधकामावर वरचे काका. आपण त्यांना चिमी आणि धाकटाच म्हणू. त्यांना त्याची सवय आहे.

मग वडिलांची पाठ गेली. ते ट्रकवर माल चढवायचे. एक खोकं वाकड्या अंगाने उचललं आणि कळ आली ती आलीच. आता ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ओझं उचलणं हाच ज्याचा धंदा, त्याने मग काय उचलायचं, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात बसले होते. दोघांचंही शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. चिमीने मान ताठ करून सांगितलं, "मी थोरली आहे. मी कामाला जाते. धाकट्याला पुढे शिकू दे."

बोलणं रीतीला धरून होतं. वडिलांनी खाली पाहिलं.

धाकटा दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "कसली थोरली? नर्सच्या एका कपाची थोरली! मी नाही मानत."

"मानत नाहीस म्हणजे?" आई म्हणाली.

"नाही मानत म्हणजे नाही मानत. ठरवताना मला विचारलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका बांधकामावर जाऊन हजर झाला, सळ्यांच्या भाऱ्यांना पट्टे बांधणाऱ्यांमध्ये. चिमी पुढे कॉलेजात गेली. आणि त्या संध्याकाळपासून त्याने तिला ताई म्हणणं सोडलं ते सोडलंच. चिमे, अगं चिमे, ए चिमे. भांडणात चिमे, आजारपणात चिमे, तिच्या लग्नात सगळी माणसं रडत असताना हा आपला, "चिमे, पोचलीस की कळव." पुढे त्याची बायको तिला ताई म्हणायला लागली, शेजारपाजारची बारकी पोरं ताई म्हणायला लागली. एक त्याच्याच तोंडाला कुलूप होतं.

चिमीने त्याचा एकच अर्थ लावला. तो रागावला आहे. आपण पुस्तकं घेऊन गेलो आणि तो शिडी चढला, याचा राग त्याने या एका शब्दावर काढला आहे. तिला वाटायचं, काढू दे, तेवढा त्याचा हक्कच आहे. रोज भेटणाऱ्या माणसाला असं काही विचारणं फार अवघड असतं, आणि तिने कधी विचारलं नाही.

आता या माणसाची जरा स्तुती करायची आहे, आणि ती हात राखून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पट्टे बांधता बांधता तो टॉवर क्रेनवर चढला आणि वरच राहिला. टॉवर क्रेन म्हणजे वाढत्या इमारतीशेजारी उभा असतो तो जाळीदार खांब. त्याच्या डोक्यावर एक लांब आडवा हात, आणि हात जिथे सुरू होतो तिथे न्हाणीघराएवढी काचेची केबिन. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली पाठीला बांधून शिडीने चढायचं, ते काम संपल्यावरच उतरायचं. बायको म्हणायची, "माझ्या नवऱ्याचे पाय जमिनीवर नसतात, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाहीये." त्याच्या हाताखालून किती घरं, दवाखाने, पूल वर आले याची गणती त्याच्याकडे नव्हती. त्यांतल्या एकाही जागी त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. इमारत पुरी झाली की क्रेन निघायची आणि तो पुढच्या कामावर. पण रस्त्याने जाताना एखाद्या खिडकीकडे बोट दाखवून सांगायचा, "ही चौकट मी बसवली. वारा असा होता म्हणून सांगू!"

त्याची खरी करामत झोका जिरवण्यात होती. आकड्याला ओझं लटकवलं आणि हात फिरवला की ओझं झुलायला लागतं. नवखा माणूस घाबरून उलटीकडे ओढतो, आणि झोका दुप्पट होतो. धाकटा ओढायचा नाही. ओझं जिकडे निघालं तिकडे तोही निघायचा, बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहायचा, आणि झोक्याला झुलायला जागाच उरायची नाही. टनभर लोखंड हवेत असं निमूट उभं राहायचं की खालची माणसं काम सोडून बघत राहायची. आपल्याला हे कोणी शिकवलं नाही, असं तो म्हणायचा. हट्टी माणसांबरोबर एका घरात वाढलं की येतं, असंही म्हणायचा, आणि तेव्हा चिमीकडे बघायचा.

चिमी त्या काळात नेमकी उलट्या दिशेला गेली होती. देशाची अधिकृत वेळ जिथे सांभाळली जाते, त्या कार्यालयाच्या तळघरात. तळघरात अशासाठी, की तिथे हवा एकसारखी राहते आणि रस्त्याची थरथर पोचत नाही. तिच्या घड्याळांना काटे नव्हते. एका बंद पोकळीत थोडे अणू प्रकाशाच्या चिमटीत धरून ठेवायचे आणि त्यांची थरथर मोजायची, हे तिचं काम. हे घड्याळ इतकं काटेकोर, की विश्व सुरू झालं तेव्हा ते लावलं असतं तरी आजवर त्याचा एक सेकंद चुकला नसता. धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आणि तू मात्र प्रत्येक लग्नाला उशिरा येतेस."

एका रविवारी दोघं त्याच्या गॅलरीत चहा घेत बसले होते. धाकट्याने मनातली अडचण काढली.

"चिमे, एक कोडं आहे. केबिनमध्ये वजनाची डायल असते. ओझं तेच, पट्टे तेच. पण उचलायला सुरुवात केली की क्षणभर वजन जास्त दाखवते, आणि खाली सोडायला सुरुवात केली की कमी. ओझं मधल्या मधे जेवून येतं का?"

चिमीने कप खाली ठेवला. "आणि दोर तुटला तर?"

"शुभ बोल की जरा."

"समज रे. पडता पडता डायल काय दाखवेल?"

तो विचारात पडला. "शून्य. पण ओझं तर आहेच."

"ओझं आहे, वजन नाही. मोकळं पडणाऱ्याला वजन नसतंच. वजन म्हणजे काय, तर पडू न दिल्याची तक्रार. तुझा दोर पडू देत नाही, ही खुर्ची मला पडू देत नाही."

"मग मुळात पडायचंच कशाला? दोर नसला तर राहावं ना आहे तिथे."

"खरी गंमत तिथेच आहे," चिमी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. ती पुढे सरकून बसली की चहा गार होणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. "तुझ्या क्रेनवर ओझं आलं की काय होतं?"

"वाकते. रिकामी असली की मागे कलते, ओझं घेतलं की पुढे येते. वर बसलेल्याला चांगलं कळतं."

"तसंच पृथ्वीच्या भाराने भोवतालची जागा वाकते. आणि नुसती जागा नाही, वेळसुद्धा. ही दोन वेगळी कापडं नाहीत, एकच आहे. खाली, पृथ्वीच्या जवळ, वेळ किंचित हळू चालतो. वर किंचित भरभर. आणि वस्तू आपली सरळ वाटेने चाललेली असते, पण जिकडे वेळ हळू, तिकडे वाटच कलते. आपण म्हणतो, पडली."

धाकट्याने गार चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "म्हणजे जिकडे आळस, तिकडे सगळ्यांची ओढ. पटलं. पण थांब. वर वेळ भरभर?"

"हो."

"मी वर. तू तळघरात."

"हो."

"म्हणजे रोज मी तुझ्यापेक्षा थोडा जास्त म्हातारा होतो?"

"अगदी थोडा."

धाकट्याने मांडीवर थाप मारली. "म्हणजे मी तुला गाठतोय! चिमे, एक दिवस मी थोरला होणार, आणि तू मला दादा म्हणणार!"

हा विनोद त्याने पुढे अनेक वर्षं झिजवला. दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी विचारायचा, "काय गं, किती राहिलं?" आणि चिमी न चुकता म्हणायची, "अजून अवकाश आहे."

या शब्दाची एक वेगळी गोष्ट आहे. धाकटा ज्याच्या हाताखाली तयार झाला, त्या जुन्या सिग्नलवाल्याला भारदस्त शब्दांची हौस होती. ओझं जिथे ठेवायचं ती जागा केबिनमधून दिसली नाही, तर वॉकीटॉकीवर सिग्नलवाला सांगेल तसं चालायचं असतं. इतर ठिकाणी माणसं "जागा आहे, येऊ दे" म्हणतात. हा गृहस्थ म्हणायचा, "अवकाश आहे, येऊ दे!" तो घरी बसला, शब्द कामावर राहिला. धाकट्याच्या क्रेनखाली काम करणारे सगळे अवकाश म्हणूनच बोलायचे. चिमीला हे कळलं तेव्हा ती लहान मुलीसारखी खूश झाली. "बघ, तुमच्याकडे अवकाश म्हणजे जागा, माझ्याकडे अवकाश म्हणजे वेळ. शब्द एकच! आम्ही आकडेमोड करून करून जे सिद्ध करतो, ते आपली भाषा घरबसल्या बोलून मोकळी झाली." धाकटा म्हणाला, "भाषेला पगार किती?"

निवृत्ती जवळ आली. जुळ्यांची निवृत्तीही जुळीच असते. त्या सुमारास चिमीने आयुष्यातलं शेवटचं मोठं काम हाती घेतलं होतं. तळघरातल्या घड्याळाचं एक भावंड तिने कपाटाएवढ्या पेटीत बसवलं होतं. ते उंच नेऊन ठेवायचं, काचेच्या बारीक तंतूने खालच्या घड्याळाशी जोडायचं, आणि वरचा वेळ खरंच भरभर चालतो का, ते आपल्या शहरात, आपल्या डोळ्यांनी बघायचं. दुसऱ्या देशांत हे झालं होतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवून आलेल्याचं ऐकून पोट भरत नाही, असं तिचं म्हणणं. कार्यालयासमोरच्या रस्त्यापलीकडे शहरातली सर्वांत उंच इमारत उभी राहत होती. तिच्या माथ्यावर, अजून छप्पर न घातलेल्या एका खोलीत पेटी ठेवायला परवानगी मिळाली.

अडचण वर नेण्याची होती. बांधकामाची लिफ्ट अशी खडखडते की माणसाचे दात हलतात. पेटीत केसाच्या अंतरावर जुळवलेले आरसे होते. एक दणका बसला असता तरी ते सगळे पुन्हा जुळवायला वर्ष गेलं असतं, आणि चिमीकडे वर्ष नव्हतं, काही महिने होते. इमारत पुरी झाली की क्रेनही उतरणार होती. हे काम पुढे कोणीतरी कधीतरी केलंच असतं, पण चिमीच्या हातून ते राहून गेलं असतं.

"क्रेनने न्या," ती म्हणाली.

"मॅडम," कार्यालयाचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "त्या क्रेनवर तुमचे बंधू आहेत ना? भाऊ म्हणून सांगताय का?"

"भाऊ म्हणून नाही. भाऊ असूनही."

साहेब भले होते. त्यांनी सही केली, पण पेटीची जबाबदारी चिमीची, असंही वर लिहिलं.

धाकट्याने चार दिवस आधीपासून तयारी केली. पेटीच्याच वजनाचं एक खोकं भरलं, त्यावर घरचं पातेलं काठोकाठ पाणी भरून ठेवलं, पातेल्याखाली वर्तमानपत्राचा कागद. कामाची वेळ संपली की खोकं वर नेऊन खाली आणायचा. पहिल्या दिवशी कागदाचा लगदा झाला. शेवटच्या दिवशी चिमी स्वतः खाली उभी होती. खोकं टेकलं, तिने पातेलं उचललं, कागद कोरडा होता. तिने तो हाताने चाचपून पाहिला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

निघताना तो तिला म्हणाला, "एक ध्यानात ठेव. वॉकीटॉकीवर कोणीही थांब म्हटलं की मी ब्रेक मारतो. का, कशाला, विचारत नाही. दणका बसला तर बसला. तेव्हा उगाच म्हणू नकोस."

ठरलेल्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. चिमी आधीच लिफ्टने माथ्यावर पोचली होती, दात सांभाळत. खोलीच्या भिंती पुरुषभर उंच, छप्पर नाही, मधोमध लोखंडी चौकट, तिच्या चार कोपऱ्यांवर रबराच्या जाड गाद्या. पेटी त्यांवर टेकायची. भिंतींमुळे केबिनमधून आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून आत हल्लीचा सिग्नलवाला वॉकीटॉकी घेऊन उभा होता, आणि गाद्या बघायला एक मेकॅनिक.

पेटी रस्त्यापलीकडून उठली. इमारतीच्या कडेला आली तेव्हा वाऱ्याची एक झुळूक कुठूनशी आली आणि पेटी हलली. चिमीचा जीव टांगणीला लागला. म्हणायची पद्धत म्हणून नव्हे, तो खरोखरच त्या आकड्याला टांगलेला होता. वर क्रेनचा हात पेटीच्या मागे मागे सरकला, तिच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला, आणि पेटी शांत झाली. मग ती भिंतीवरून आत आली आणि चौकटीवर हातभर अंतरावर थांबली.

तेवढ्यात मेकॅनिक ओरडला, "एक गादी सरकलीये!" त्याने वाकून पेटीखाली हात घातला. गादी एकट्याला हलेना, म्हणून सिग्नलवाल्याने वॉकीटॉकी चिमीच्या हातात कोंबला आणि तोही वाकला.

वरून आवाज आला, "काय झालं? येऊ का?"

चिमीची नजर मेकॅनिकच्या हातावर होती. गादी बसायला अजून थोडा वेळ लागणार होता. वर्षानुवर्षं धाकट्याला जे उत्तर दिलं, तेच तिच्या तोंडातून गेलं.

"अजून अवकाश आहे."

आणि पेटी खाली यायला लागली.

आपण काय बोललो हे तिला कळलं तेव्हा पेटीची सावली मेकॅनिकच्या मनगटावर आली होती. थांब म्हणावं तर दणका बसणार आणि आयुष्याचं काम त्या दणक्यात जाणार, हे तिला ठाऊक होतं. पण हे ठाऊक असणं आणि ओरडणं यांच्यात तिने एक श्वाससुद्धा जाऊ दिला नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

"थांब!"

पेटी थांबली. चिमीने डोळे मिटून दणक्याची वाट पाहिली. पट्टे करकरले नाहीत, आकडा हलला नाही. डोळे उघडले तर पेटी जिथली तिथे उभी होती. मेकॅनिकने हात काढून घेतला आणि बोटं मोजल्यासारखी हलवून पाहिली.

वॉकीटॉकी खरखरला. "चिमे, जागा की वेळ?"

"वेळ," ती म्हणाली. "वेळ म्हणायचं होतं रे."

"वाटलंच. सिग्नलवाल्याचा आवाज असता तर सरळ सोडलं असतं. पण आवाज तुझा. म्हटलं, ही तळघरातली बाई, हिचा अवकाश कुठला कोण जाणे. म्हणून मुंगीच्या चालीने येत होतो. विचारायला बटण दाबणार तोच तू किंचाळलीस. हात शाबूत आहे ना त्याचा?"

"आहे."

"मग गादी नीट बसवा. मी आहे इथेच."

आणि तो राहिला. गादी बसेपर्यंत त्याने पेटीला हूं की चूं करू दिलं नाही. मग सिग्नलवाल्याने, या खेपेला नीट शब्द निवडून, "जागा आहे, येऊ दे," म्हटलं, आणि पेटी गाद्यांवर अशी टेकली की रबर दबलेलं दिसलं तेव्हाच कळलं, टेकली. दुपारी आरसे तपासले. एकही हलला नव्हता. साहेबांनी स्वतः वॉकीटॉकी मागून घेतला आणि वर दिसत नसलेल्या माणसाला म्हणाले, "काका, आभारी आहे. मोठं काम केलंत." वरून उत्तर आलं, "मोठी ती. मी फक्त उचललं." चिमी तेव्हा आरशांवर वाकलेली होती. साहेबांनी ते तिला संध्याकाळी सांगितलं. तिला वाटलं, त्यांनी भलतंच काहीतरी ऐकलं असेल.

काही आठवड्यांनी आकडे आले. वरचं घड्याळ खालच्याच्या पुढे धावत होतं, रोज, जेवढं धावायला हवं नेमकं तेवढंच. हा फरक कोणालाही दिसणार नाही, जाणवणार नाही, आणि तरीही तो आहे. चिमीने तळघरात एकटीने पडद्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. मग एक हिशेब तिने स्वतःपुरता केला, आणि तो सांगायला धाकट्याच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहिली.

त्या दिवशी संध्याकाळी ती क्रेनच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तिची स्वतःची निवृत्ती आदल्याच दिवशी झाली होती, शाल नको, भाषण नको म्हणत. धाकटा शिडीने उतरला, नेहमीपेक्षा हळू. शेवटच्या पायरीवर थांबून त्याने खांबाच्या लोखंडाला एक चापट मारली आणि जमिनीवर आला. खाली जमलेल्या माणसांनी हात मिळवले. गर्दी पांगल्यावर दोघं पायथ्याच्या काँक्रीटवर बसले.

"मी हिशेब केला," चिमी म्हणाली. "इतकी वर्षं वर बसून तू किती पुढे गेलास त्याचा."

"हं. किती?"

"पापणी लवते ना? त्या लवण्याच्या लाखाव्या हिश्शाएवढा."

धाकटा पोट धरून हसला. "चाळीस वर्षं शिडी चढलो गं! आणि एवढंच?"

"एवढंच. पण आहे, धाकट्या. शून्य नाहीये. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचार, तोही म्हणेल, आहे. तू जमिनीवर राहिला असतास तर हा फरक नसता. तू जे केलंस ना आमच्यासाठी, ते वेळेतसुद्धा मोजता येतं, एवढंच मला सांगायचं होतं."

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. चढायचे बूट जड असतात, घरी जाताना तो ते बदलायचा.

"म्हणजे दादा म्हणून घ्यायचं राहिलंच," तो म्हणाला.

"या जन्मात नाही."

"तू कार्यालयाचं कार्ड परत केलंस?"

"काल केलं. का?"

"पुन्हा कुठे नोकरीबिकरी धरणार नाहीस ना? शिकवणी वगैरे?"

"नाही रे बाबा. का पण?"

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना!"

"मग हरकत नाही." नाडीची गाठ सुटत नव्हती. तो गाठीकडेच बघत राहिला, वर मान न करता म्हणाला, "चल ताई, चहा घेऊ."

चिमीला आधी वाटलं, मागून दुसरंच कोणी बोललं. मग तिने त्याचा दंड धरला. "काय म्हणालास?"

"तेव्हा तुला ताई म्हटलं असतं तर तू थोरली ठरली असतीस. थोरली ठरलीस की तुला कामाला जावं लागलं असतं. आणि मग तुझं ते घड्याळ कोणी केलं असतं, मी? मला दहाचा पाढा धड येत नाही." गाठ एकदाची सुटली. "पुढे म्हटलं, तुझी नोकरी आहे तोवर नकोच. तुला काय, कधी थोरलेपणाचं भरतं येईल आणि माझ्यासाठी काहीतरी सोडून बसशील. आता सोडायला तुझ्याकडे काही उरलं नाही."

चिमी रडली. आणि ती काही एखादा अश्रू टिपून थांबली नाही. इतकी वर्षं जो राग समजून सांभाळला, तो राग कधी नव्हताच. ती सगळी वर्षं एकदम अंगावर आली की जसं रडू येतं, तसं रडली. सिग्नलवाला लांबून धावत आला, काका, काय झालं म्हणून. धाकट्याने त्याला हातानेच परत पाठवलं. त्याने तिच्या पाठीवरून हात काढला नाही, तिला गप्पही केलं नाही. जिकडे तिचं रडणं गेलं तिकडे तोही गेला.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "पुन्हा म्हण."

"कोपऱ्यावरचं दुकान बंद होईल. मग चहा नाही."

"अजून अवकाश आहे," चिमी म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं.